छत्री धरणारी

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझं मागचं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. डॉक्टरांनी तुला विचारलं की दिवसभरात किती माणसांशी बोलता, आणि तू बोटं मोजून सांगितलंस की एक, पोस्टमन, आणि तोही रोज येत नाही. ही काय सांगायची गोष्ट झाली? भावोजींना जाऊन दीड वर्ष झालं. तुझं वजन सात किलोंनी उतरलं, रक्तदाब चढला, आणि तू चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजतेस. गोळ्या वाढवण्याआधी माणसं वाढवा, असं सांगणारा डॉक्टर मिळायलाही नशीब लागतं. त्यांचं ऐक.

तू चेष्टेने लिहिलं आहेस ते वाचनालयाच्या तळघरातलं दुरुस्तीचं टेबल, जिथे मंगळवारी आणि शुक्रवारी तुझ्या वयाची माणसं जमून लोकांच्या मोडक्या वस्तू नीट करून देतात, तिथे तू जायचंस. मुकाट्याने जायचंस. छत्र्या दुरुस्त करणारं तिथे कोणी नाही म्हणतेस, मग अडलंय कुठे? अण्णांच्या छत्रीच्या दुकानात आपण दोघींनी बारा वर्षं काढली. मी सांगाडा धरून फिरवायची, तू कापड काड्यांना बांधायचीस, आणि अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे की माझ्या दोन मुली मिळून एक कारागीर आहेत.

माझी काळजी करू नकोस. माझं घर भरलेलं आहे. मुलगा, सून, नात, दाराशी चपलांची रांग. मला बोलायला माणसांची वाण नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडावं लागतं, तेव्हा गेलीस की पत्रानेच कळव.

लोभ आहेच; जिना उतरलीस तर वाढेल.

तुझी,
बारकी


२ एप्रिल

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझ्या धाकाने जिना उतरले. पहिल्या मंगळवारी दारातूनच परत फिरत होते, पण माझ्या हातातली छत्री बघून एका रिटायर बस ड्रायव्हरने मला आत बोलावलंच. तो पंखे आणि रेडिओ दुरुस्त करतो आणि करताना त्यांना मनापासून शिव्या देतो. एक मास्तर आहेत. ते फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवतात, पण चढवता चढवता वाचत बसतात, त्यामुळे महिन्याला दोनच पुस्तकं होतात. आणि एक बटणवाली आहे. कोपऱ्यावर तिचं बटणांचं दुकान होतं, आता सून बघते. सत्तरीची असेल. बोलते खूप, पण ऐकतेही.

पहिल्याच दिवशी माझ्यासमोर सहा छत्र्या आल्या. एकटीने जमेना. सांगाडा गुडघ्यांत धरून बघितला, निसटला. तेव्हा बटणवाली उठली आणि कोणी न सांगता समोर येऊन धरून बसली. पहिली छत्री फटकन उघडली तेव्हा ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, पण घरी येऊन ताटभर जेवले.

सगळे मला ताईच म्हणतात. तू लिहिल्याप्रमाणे मुकाट्याने गेले खरी, पण तिथे मुकाट्याने बसू देत नाहीत.

लोभ आहे. जिन्याने गुडघे धरलेत, त्याचं पाप तुझ्या माथी.

तुझी,
ताई


१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू गेलीस हे वाचून फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. दोनदा लिहिलं म्हणून खोटं समजू नकोस.

आता ही बटणवाली. तिने सांगाडा कसा धरला? डाव्या हातात दांडा आणि उजव्या हातात काडी, की उलट? काडीचं टोक अंगठ्याखाली दाबलं होतं का? बटणं विकणं वेगळं आणि छत्री धरणं वेगळं. मला ते शिकायला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत अण्णांनी माझ्या बोटांवर फूटपट्टी किती वेळा मारली ते तुला माहीत आहे. ही बाई एका दुपारी कोणी न सांगता धरते, म्हणजे एक तर ती चुकीचं धरते, नाहीतर तू तिला शिकवलंस आणि मला सांगत नाहीस.

आणि ती तुला ताई का म्हणते? मी जन्मले म्हणून तू ताई झालीस. त्याआधी पाच वर्षं तू नुसतीच एक मुलगी होतीस. त्यांना म्हणावं, दुसरं काहीतरी म्हणा.

तू चालती-बोलती झालीस ते माझ्या एका पत्राने, हे त्या मंडळींना सांगितलं आहेस ना? इकडे सगळं छान. सांगण्यासारखं काही घडत नाही, कारण सगळं वेळच्या वेळी होतं.

लोभ असावा, आणि तो सगळ्या टेबलाला वाटू नये, ही विनंती.

तुझी,
बारकी


१८ मे

चि. बारकीस,
अ. उ. आ.

उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. मंगळवार-शुक्रवार होतं ते आता सोमवार सोडून रोज झालं आहे. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला, पहिल्यांदा त्यांना वाटलं की यंत्र बिघडलं. वजन साडेतीन किलो वाढलं, एक गोळी बंद झाली, झोप लागते. हे कसं केलंत विचारत होते. मी म्हटलं, धाकट्या बहिणीने दटावलं.

बटणवाली टोक अंगठ्याखालीच दाबते. डावखुरी आहे, त्यामुळे सगळं तुझ्या उलट. आता सवय झाली.

कामाचं लिहिते. जवळच्या दवाखान्याने चाळीस जुन्या छत्र्या आणि नव्या कापडाचा तागा दिला आहे. त्या दाराशी राहणार. पावसात अडकलेल्या पेशंटने घेऊन जायची आणि पुढच्या वेळी परत आणायची. टेबलाला मिळालेलं हे पहिलं मोठं काम, आणि ते माझ्या भरवशावर घेतलं आहे. काड्या ताडून पाहिल्या, चाळीसही आपल्या दुकानाच्या मापाच्या निघाल्या. तेव्हा कापडाचे तिकोनी तुकडे आखायचा अण्णांचा लाकडी साचा तुझ्याकडे आहे, तो लगेच पाठव. ड्रायव्हर रोज विचारतो की आला का.

लोभ आहेच. घाईत आहे, बटणवाली खाली थांबली आहे.

तुझी,
ताई


३० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाऊण पानाचं होतं. त्यात बटणवाली दोनदा आली आणि मी एकदा, तीही दटावणारी म्हणून.

आता स्पष्टच लिहिते. माझ्या पोटात दुखतंय. भरलेलं घर म्हणून मी मिरवते, ते सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत रिकामं असतं. चपलांची रांग सकाळीच निघून जाते. सून चांगली आहे, माझं जेवण झाकून ठेवते आणि आधी काय खायचं, नंतर काय, त्याच्या चिठ्ठ्या झाकणांवर चिकटवते. नात कानात ते लावूनच घरात येते. मुलगा दारातून विचारतो, बरी आहेस ना. मी हो म्हणते. एवढं आमचं दिवसाचं बोलणं. परवा डॉक्टरांनी माझा रक्तदाब सांगितला, तो तुझ्या जुन्या आकड्याच्याही वर आहे. गंमत बघ, माणसांत जा असं मी लिहायचं आणि बरी तू व्हायचीस.

तू बरी झालीस याचं मला वाईट वाटत नाही, एवढी काही मी वाईट नाही. तू माझ्याशिवाय बरी झालीस, याचं वाटतं. माझ्या जागेवर दुसरी बसली आणि तुला सवयही झाली. महिनाभरात झाली.

साचा माळ्यावर सापडला. दोन दिवस मांडीवर घेऊन बसले होते. मळला होता, पॉलिश पेपरने साफ केला आहे. सोबतच्या पार्सलात आहे. अण्णा बजावायचे ते लक्षात असेलच, की साच्याला मोजपट्टी लावायची नाही, छत्री बसली नाही तर आपला हात तपासायचा.

लोभ असावा, उरला असेल तर.

तुझी,
बारकी


१४ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुला मोठं पत्र हवं होतं, हे घे.

साचा आला त्याच दिवशी कापड पसरलं. अण्णांच्या पद्धतीने, आठ थर एकावर एक, वर खडूची रेघ आणि एकदम कात्री. चार दिवसांत तीनशे वीस तुकडे कापले. ड्रायव्हर म्हणाला की ताईंच्या हातापुढे मशीन काय आहे. मला बरं वाटलं. मग शिवायला घेतलं. पहिली छत्री बांधली, ती खटक्यापर्यंत वर जाईना. जोर केला तर काडीवरचा टाका उसवून आला. वाटलं, शिवण जाड घेतली. उसवून पुन्हा शिवली, तीच गत. तिसरीची काडी वाकून सुटली आणि बटणवालीच्या मनगटावर लांब ओरखडा उठला. ती रुमाल बांधून पुन्हा धरून बसली. अकरा छत्र्या केल्या, एकही उघडली नाही.

साचा अण्णांचा, म्हणजे चूक माझ्या हाताची. कात्री आत गेली असणार, एकदा नव्हे, तीनशे वीस तुकड्यांत, आणि मला कळलं नाही. मास्तरांनी हळूच विचारलं की माप घेऊन बघायचं का, तर मी त्यांच्यावर ओरडले. दवाखान्याचा तागा संपला. टेबलावरचे सगळे माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले की मला बसवेना. माझ्यासमोर ड्रायव्हर आता पंख्यालासुद्धा शिव्या देत नाही.

तीन आठवडे झाले, मी गेले नाही. काल गॅस चालू राहिला असं वाटून दोनदा उठले, तो बंदच होता. मला भीती वाटते, बारके. हात असा नकळत गेला, तर डोकंही असंच जात असेल का? अण्णांची आई शेवटी आपल्या मुलांना ओळखत नव्हती, ते मला आठवतं. तू तेव्हा लहान होतीस.

लोभ आहे. आता भरवशाचा तेवढाच.

तुझी,
ताई


२२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन पानं भरून आलं. चार वेळा वाचलं. इतकं मोठं पत्र तू भावोजी गेले तेव्हाही लिहिलं नव्हतंस.

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण अगं, वय झालं की हात थोडा इकडे-तिकडे व्हायचाच. तू उगाच डोक्यापर्यंत नेऊ नकोस. चार जिने चढायचे-उतरायचे, तळघरात वाकून बसायचं, हे तरी कोणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं, कबूल आहे, पण इतकं सांगितलं नव्हतं. आता घरी बस, आराम कर आणि मला लिहीत जा. रोज एक पत्र आलं तरी मला चालेल. बटणवालीच्या मनगटाचं वाचलं. मी धरत असते तर लागलं नसतं, एवढंच म्हणते.

तुझं पत्र आल्यापासून मी दोन्ही वेळा नीट जेवते आहे. मुलाने विचारलं की आज खुशीत दिसतेस. मी म्हटलं, ताईचं पत्र आलं.

लोभ आहेच, तो आता कुठे नीट घरी आलाय. त्याला जाऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी


३ सप्टेंबर

ताईंच्या धाकट्या भगिनीस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. ताईंसोबत छत्र्यांना बसते ती बटणवाली मी. तुमचा पत्ता त्यांच्या दारात पडलेल्या पाकिटावरून उतरवून घेतला, त्याबद्दल क्षमा करा.

ताई दोन महिने झाले खाली उतरलेल्या नाहीत. मी रोज डबा घेऊन जाते, त्या दार अर्धंच उघडतात, डबा घेतात आणि उद्या येऊ नका म्हणतात. तरी मी जाते. आत सगळ्या कपाटांवर त्यांनी चिठ्ठ्या लावल्या आहेत, इथे साखर, इथे गोळ्या, इथे किल्ली. डॉक्टर घरी येऊन गेले. वजन पुन्हा उतरलं आहे, रक्तदाब पहिल्याहून वर आहे, बंद केलेली गोळी परत सुरू केली आणि वर एक नवी दिली. ठोका मधेच चुकतो आहे म्हणाले, हे असंच चाललं तर हिवाळा कठीण जाईल. डोक्याची तपासणी केली, ती चोख निघाली. पण ताईंचा विश्वास बसत नाही. तुम्ही सगळे मिळून लपवताय म्हणतात.

आमचं कोणाचं त्या ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्ही लिहिलंत म्हणून त्या पहिल्यांदा जिना उतरल्या, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं आहे की ड्रायव्हरला ते पाठ झालं. मी सांगाडा धरते तेव्हा दर छत्रीमागे त्या म्हणतात की बारकी असती तर हे अर्ध्या वेळात झालं असतं. खरं सांगू का, मला तुमचा फार राग यायचा. न पाहिलेल्या माणसाची बरोबरी मी कशी करणार? आज त्याच माणसाकडे हात पसरते आहे. त्यांना पुन्हा एकदा दटावा.

आपला लोभ अजून जडलेला नाही. जडावा, ही विनंती.

आपली,
बटणवाली


८ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. तुझा हात गेलेला नाही. डोकंही गेलेलं नाही. साचा मी घासला.

पार्सल बांधायच्या आधी दोन दिवस तो माझ्या मांडीवर होता, हे मी लिहिलं होतं. पॉलिश पेपरने साफ केला हेही लिहिलं होतं. किती साफ केला ते लिहिलं नाही. दोन्ही कडांनी एकेक सूत, इंचाचा आठवा भाग. आठ तुकडे, सोळा कडा, म्हणजे छत्रीच्या घेरात दोन इंच कापड कमी. मला अंदाज नव्हता असं म्हणणार नाही, मी अण्णांची मुलगी आहे. मग कडांना तेल चोळलं, नव्याने घासलेलं दिसू नये म्हणून.

मी काय ठरवलं होतं ते सांगते. एक छत्री बसणार नाही, दुसरी बसणार नाही, मग तू चिडून मला लिहिशील, मी म्हणेन की ताई, हे धरणारीचं चुकतंय, मला बोलव. तू मला बोलावशील आणि ती बाई उठेल. एवढंच मनात होतं. तू चाळीसांचं कापड एका दमात कापशील हे मला कळायला हवं होतं, कारण आपण दोघी तसंच शिकलो. आणि तू साच्यावर कधीच संशय घेणार नाहीस हे तर मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच अण्णांच्या बजावण्याची मी तुला आठवण करून दिली. सगळ्यात नीच काम ते केलं.

नाही, त्याहून नीच एक आहे. तुझं दोन पानी पत्र आलं, तू घाबरली होतीस, आणि मी खूश झाले. मला भूक लागली. तुला आराम कर म्हणून लिहिलं. तेव्हाच एका ओळीत तू बरी झाली असतीस, पण ती ओळ लिहिली असती तर तू परत त्यांची झाली असतीस.

आज तुझ्या बटणवालीचं पत्र आलं. दर छत्रीमागे तू माझं नाव घ्यायचीस, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तू तरी लिहायचंस.

मोजपट्टी घे आणि साच्याच्या पायाला लाव. साडेसतरा इंच होता, सव्वासतरा भरेल. मग चिठ्ठ्या काढून टाक. लोभ मागायचं तोंड मला नाही.

बारकी


१६ सप्टेंबर

बारकीस,

आशीर्वाद लिहिलेला नाही, तो राहून गेला असं समजू नकोस.

मोजपट्टी लावली. सव्वासतरा भरला. 

दोन महिने मी रोज सकाळी उठून स्वतःचं नाव, वार आणि तारीख मोठ्याने म्हणत होते, अजून येतं का ते बघायला. डॉक्टरांवर ओरडले, मास्तरांवर ओरडले, एका बाईने साठ दिवस डबा आणला तिला नीट आत घेतलं नाही. आपल्यामागे कोणती वस्तू कोणाला, याची यादी केली. शिवणाचं मशीन तुला. पहिलंच नाव तुझं होतं, खाली रेघ मारून. तू तिकडे खुशीत जेवत होतीस तेव्हा मी ते लिहीत होते.

एकटी पडलीस तर मला आधीच तसं लिहायचं होतंस, साचा घासून झाल्यावर नव्हे. भरलेलं घर, चपलांची रांग, सगळं वेळच्या वेळी, हे तूच लिहीत होतीस. मी त्या रांगेवर वर्षानुवर्षं जळत आले, ते तुला कधी कळू दिलं नाही, पण तुझ्या चपला कधी लपवल्या नाहीत.

पत्रातली माफी मला नको. टेबलावरच्या सगळ्यांनी माझी कीव केली आहे. ती कीव तू येऊन उतरवायचीस. शुक्रवारी चार वाजता, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने. मग अकरा छत्र्या उसवायच्या, आणि चाळीसच्या चाळीस छत्र्यांच्या प्रत्येक जोडात पट्टी घालायची. आठ जोड, चाळीस छत्र्या, तीनशे वीस पट्ट्या. उसवणं आणि पट्ट्या कापणं तुझ्याकडे. सांगाड्याला हात लावायचा नाही, तो धरायला माणूस आहे.

लोभ आहे की नाही, ते विचारू नकोस.

ताई


११ ऑक्टोबर

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तू विचारलंस की मावशीकडे दोन दिवस म्हणून गेलीस आणि तीन आठवडे झाले, काही बिनसलं का. बिनसवलं होतं ते मीच. तुझा किंवा सूनबाईचा यात काही दोष नाही, तिला तसं सांग. काय केलं ते वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, ते दोघांनी मिळून वाचा. तुला आईची लाज वाटेल. वाटू दे.

शुक्रवारी चार वाजता मी त्या तळघरात उभी राहिले आणि सगळं सांगितलं.  ड्रायव्हरने दुरुस्तीला आलेला पंखा बंद केला, म्हणजे एक शब्दही कोणाचा चुकू नये. मास्तरांनी साचा मागून घेतला, मोजला आणि खाली ठेवला. बटणवालीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. तुझी मावशी खाली मान घालून सुईत दोरा ओवत होती, एका फटक्यात ओवला. त्या दिवशी माझ्याशी कोणी बोललं नाही. टेबलाच्या पार टोकाला एक कात्री ठेवली होती, मी तिथे जाऊन बसले आणि उसवायला लागले.

पाचव्या दिवशी ड्रायव्हर माझ्यावर खेकसला की या वेगाने पुढच्या वर्षी तरी होतील का. मला इतकं बरं वाटलं की घरी जाताना दोनदा आठवून हसले. तिथे येणाऱ्या एकेका माणसाला माझी गोष्ट सांगितली जाते, छत्र्या अडल्या कशा ते समजावं म्हणून, आणि तो माणूस वळून मला बघून घेतो. इतक्या लोकांनी माझ्याकडे नीट बघितल्याला किती वर्षं झाली असतील. परवा ताईच्या डॉक्टरांनी माझाही रक्तदाब घेतला. तो वर्षभरात पहिल्यांदा खाली आला आहे. रोज बोलणी खाऊन बरा होणारा पेशंट आपण पहिल्यांदाच पाहतो, असं ते म्हणाले. ताईचं वजन दोन किलो वाढलं. ठोका अजून कधी कधी चुकतो. कपाटांवरच्या चिठ्ठ्या तिने स्वतः काढल्या, मी पुढे झाले तर नको म्हणाली.

मत्सर गेला असं लिहिलं तर खोटं होईल. बटणवाली सांगाडा धरते आणि चांगला धरते. डाव्या हाताने, अगदी हलका, माझ्याहून हलका. मी पट्ट्या कापता कापता बघत असते. गुरुवारी ती आली नाही. ताईने सुई हातात धरून सगळ्या टेबलावरून नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली, आणि ड्रायव्हरला हाक मारली. त्याला धरता येत नाही, दोनदा निसटलं, तरी तिने त्यालाच धरायला लावलं. मी जळले. पण त्या दिवशी जेवलो मात्र दोघी एका ताटात वाढल्यासारख्या, समोरासमोर.

चोवीस छत्र्या उघडल्या, सोळा राहिल्या. त्या झाल्या की लगेच येईन असं सांगत नाही. तुम्ही तिघे एखाद्या रविवारी इकडे या आणि दिवसभर राहा. आल्यावर दारातून बरी आहेस ना विचारायचं नाही, बसून विचारायचं.

आणखी एक. ताईने आपल्यामागच्या वस्तूंची यादी केली आहे. ती तिने कपाटाच्या दाराला आतून लावली आहे, मला दिसेल अशीच. त्यात शिवणाच्या मशीनपुढे माझं नाव होतं, ते खोडून तिने बटणवालीचं लिहिलं.  मला ते मशीन नको आहे, घरात ठेवायला जागा नाही, पण ते नाव मला परत हवं आहे. आपली ताई हट्टी आहे, तिला माझा राग विसरायला दहा वर्षं तरी लागतील. तोवर तिने जगलं पाहिजे, आणि मीही तिच्याआधी जाता कामा नये. तेव्हा माझ्या गोळ्या संपत आल्यात, त्या लगेच पाठव, आणि तीन महिन्यांच्या एकदम पाठव.

सूनबाईस आणि नातीस आशीर्वाद. लोभ आहेच, तो घेऊन जायला या.

तुझी,
आई